सात जाड पुस्तकं आणि एक बारकं

चिरंजीव गुण्यास,

थोरल्या बहिणीचे भरघोस आशीर्वाद. पत्र हातात घेतल्यावर चष्म्यासाठी घर डोक्यावर घेऊ नकोस, तो तुझ्या कपाळावरच आहे. मी कोण हे आठवायला वेळ लागत असेल तर सावकाश आठव, मी थांबते. हल्ली थांबणं मला फार छान जमतं, ते पुढे येईलच. तुझं मागचं पत्र पोचलं. म्हणजे पाकीट पोचलं. पत्ता बरोबर, तिकीट बरोबर, चारी कडा डिंकाने पक्क्या, आणि आत काही नाही. सूनबाईने ते उलटं करून झटकलं, उजेडात धरलं आणि म्हणाली, मामांचं हे आजवरचं सगळ्यांत कमी तक्रारींचं पत्र. आतला कागद अजून तुझ्या टेबलावर पडला असेल तर पाठवून दे. नसेल तर त्यात काय लिहिलं होतं ते आठवण्याचा त्रास घेऊ नकोस. गुडघे दुखतात आणि तुझं कुणी ऐकत नाही, याच्यापलीकडे काही नसणार.

हे पत्र सांगतेय मी आणि लिहितेय आमच्या वाचनालयाची ग्रंथपाल बाई. मला अक्षर येत नाही, हेही तू विसरला असशील म्हणून सांगितलं. मी जे हळू आवाजात सांगेन ते तिने कंसात लिहायचं, असं आमचं ठरलंय. गुण्या हे काय नाव झालं, असं तिने सुरुवातीलाच विचारलं. मी म्हटलं, गवंडी लोक कोपरा काटकोनात आहे की नाही हे ज्याने तपासतात ते हत्यार. आमच्या भावाने जन्मभर लोकांच्या घरी फरश्या बसवल्या, आणि जेवायला बसला तरी आधी ताट भिंतीला समांतर करून घेतो, म्हणून सगळं गाव त्याला गुण्या म्हणतं. (तुझं खरं नाव मला क्षणभर आठवलं नाही. विसरणं आपल्या घराण्यातच आहे.)

इकडची खुशाली अशी. मुलगा बरा आहे, सूनबाई त्याच्याहून बरी आहे, नात दोघांनाही पुरून उरते. माझा उजवा हात चार वर्षांपूर्वी थरथरायला लागला तो अजून दमलेला नाही. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर सारखे फिरत असतात, जशी काही मी बसल्याबसल्या कसलीशी गोळी वळतेय. पदार्थावर मीठ भुरभुरायचं असलं की घरात आता मलाच हाक मारतात. चहा मात्र कपापेक्षा बशीत जास्त आणि बशीपेक्षा मांडीवर जास्त असतो. मेंदूच्या डॉक्टरांनी सांगितलं की याला कंपवात म्हणतात, तो जात नाही, त्याच्याबरोबर राहायला शिकायचं. (एवढं तर मी तुझ्या भावजींच्या बाबतीत चाळीस वर्षं केलंच होतं.) गोळ्या घड्याळ लावून घेते. तरी हात बिचारा सरळ आहे, त्याचं जे काही आहे ते चारचौघांत दिसतं. खरी खोड पायांची आहे.

पाय चालता चालता एकदम थांबतात. दुखत नाहीत, लटपटत नाहीत, फक्त ऐकत नाहीत. स्वयंपाकघराच्या दारात आले की तळवे डिंक लावल्यासारखे जमिनीला चिकटतात (तुझ्या पाकिटासारखे) आणि मी आपली चौकटीत तसबिरीसारखी उभी. माझ्यामागे माणसं तुंबतात. मुलाला कामावर जायला उशीर होतो, सूनबाईच्या हातात गरम भांडं असतं, नात ओरडून सगळ्यांना कळवते की आजी हँग झाली. मुलगा म्हणतो, आई, चल ना. मी मनात म्हणते, अरे, मी केव्हाच निघालेय, पायच मागे राहिलेत. बरं, हे जास्त करून घरातच होतं. (तुझ्या फरशीबद्दल मी काहीही बोलत नाहीये.) ती फरशी आजही तशीच आहे. आमचं घर बांधलं तेव्हा तू एकोणीस दिवस गुडघ्यांवर बसून ती घातलीस, मजुरीचं नाव काढू दिलं नाहीस, आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दुधाचं पातेलं लवंडल्यासारखा एकच रंग, सांधा म्हणून दिसत नाही. आलेल्या प्रत्येकाला तू नख फिरवून सांधा शोधायला लावायचास. कुणाला सापडला नाही. मलाही त्या फरशीवर अजून काही सापडत नाही, पुढचं पाऊलसुद्धा.

घरच्यांना वाटायचं मी हट्ट करते. खरं सांगू का, मलाही तसंच वाटायला लागलं होतं. जन्मभर सगळे हट्टी म्हणत आले, म्हटलं आता तो हट्ट डोक्यातून पायात उतरला असेल. दोनदा पडले. मग मुलाने चाकांच्या खुर्चीचा विषय काढला. त्याचं म्हणणं चूक नाही, ज्याला लागते त्याने ती घ्यावीच. पण मी स्वतःला ओळखते, गुण्या. मी एकदा बसले की मला उठवायला कुणाला सवड नसते, आणि हळूहळू मलाही नसेल. म्हणून मी म्हटलं, अजून थोडे दिवस थांब. थांबण्याच्या बाबतीत माझा शब्द घरात मानतात.

आता वाचनालयाची गोष्ट. एके दिवशी सूनबाई मला घेऊन गोळ्या आणायला निघाली. औषधांच्या दुकानात ही मोठी रांग, बाहेर उन्हात माझे पाय रुसलेले, म्हणून तिने मला शेजारच्या सार्वजनिक वाचनालयात आणून बाकावर बसवलं आणि हलू नका म्हणून बजावून गेली. (हे मला सांगावं लागतं का?) लांबलचक दालन, उंच खिडक्या, भिंतींना कपाटं, मधल्या टेबलांवर वर्तमानपत्रं आणि त्यांच्या मागे पेन्शनवाले. मला आत कुणी विचारलं नाही की बाई, काय घेणार, कुणाकडे आलात, काय होतंय तुम्हाला. काही विकत न घेता आणि आजारी न पडता बसता येईल अशी जागा मी कितीतरी वर्षांत पाहिली नव्हती. थोड्या वेळाने मला मोरीकडे जायची गरज लागली. मी उठले, दालनाच्या त्या टोकाला गेले, दार ओलांडलं, काम उरकलं, दार ओलांडून परत आले आणि बाकावर बसले. बसल्यावर लक्षात आलं की हे मी चालले. एकदाही अडकले नाही. मी घाबरून पायांकडे पाहिलं, दुसऱ्या कुणाचे तर नाहीत ना म्हणून.

आता तू माझ्या जागी असतास तर काय समजला असतास? चहूकडे पुस्तकंच पुस्तकं. मी समजले, हा पुस्तकांचा गुण. ज्यांना वाचता येतं ते वाचत असतील. मला नुसता वास पुरतोय. त्याच दिवशी मी सभासद झाले. सहीच्या जागी अंगठा उठवायचा होता तर हाताने असा घोळ घातला की कागदावर तीन अंगठे उमटले. बाई म्हणाली, आजी, एका कार्डावर एकच सभासद. आणि मी घरी न्यायला पुस्तक मागितलं. कुठलं हवं, असं तिने विचारल्यावर जरा जड द्या म्हटलं. तिच्या डोळ्यांत आदर दिसला. तिने तत्त्वज्ञानाचं दिलं.

ते छातीशी धरून मी घरी आले आणि सरळ स्वयंपाकघराकडे निघाले. दारात अडकले. आता हातात दोन किलोचं तत्त्वज्ञान, ते खालीही ठेवता येईना. दुसऱ्या दिवशी परत केलं. बाईने विचारलं, एका दिवसात वाचून झालं? मी म्हटलं, उपयोग नाही झाला. ती म्हणाली, त्याबद्दल पुष्कळांचं तसंच मत आहे. मग मी कायद्याचं नेलं, ते घेऊन न्हाणीघराच्या दारात उभी राहिले. मग गुरांच्या रोगांचं, मग ताऱ्यांचं, मग एक शब्दकोश, तो उशाला घेऊन निजले तर मान धरली. अशी सात जाड पुस्तकं झाली. मुलगा शेजाऱ्यांना सांगू लागला की आई हल्ली वाचनालयात जाते. कशाला जाते हे तो सांगत नसे, कारण त्यालाही ठाऊक नव्हतं. सूनबाईने एकदा विचारलं, तेव्हा मी तिला म्हटलं, गुण येईपर्यंत औषधाचं नाव सांगू नये. (हे मी तिथल्या तिथे बनवलं होतं.)

सातवं पुस्तक परत देताना मात्र माझा संयम सुटला. दालन भरलेलं होतं. मी ते टेबलावर ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "बाई, तुमची पुस्तकं दाराबाहेर गेली की काम करत नाहीत."

वर्तमानपत्रं खाली आली. कुणीतरी हसलं. बसचे एक निवृत्त ड्रायव्हर रोज खिडकीशी बसतात, त्यांनी चष्मा पुसून घातला. बाई हसली नाही. (इथे तिचं पेन थांबलंय. तिची स्तुती करायला लागले की ते माझ्या पायांसारखं अडकतं. लिहा, बाई.) तिने खुर्ची मागे सारली, माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात विचारलं की पुस्तकांनी नेमकं काय करायला हवं होतं. मी सगळं सांगितलं, वाचता येत नाही तेही. तिने मला दालनात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावलं. चालले. मग आपल्या कचेरीच्या खोलीत चला म्हणाली, तिथली जमीन साध्या सिमेंटच्या कोब्याची आहे. दारात पाय टेकला आणि तसबीर. आत कपाटभर पुस्तकं होती, गुण्या, तरी तसबीर. ड्रायव्हर आजोबा लांबून म्हणाले, "बाई, गाडीत दोष नाही, रस्त्यात आहे."

तेव्हा आम्ही तिघांनी पहिल्यांदा खाली पाहिलं. वाचनालयाची फरशी जुनी आहे. पांढऱ्या फरशीत पार मोरीच्या आतपर्यंत दर पावलागणिक एक आडवी काळी पट्टी, हाताच्या रुंदीची, शिडीच्या पायऱ्या जमिनीवर निजवल्यासारखी. ती तशी का घातली हे कुणाला माहीत नाही. (तुझा धंद्यातला कुणीतरी भाऊबंद असेल, देव त्याचे गुडघे शाबूत ठेवो.) बाई कपाटाकडे गेली आणि एक पुस्तक घेऊन आली. बारकंसं, वहीएवढं. मी ते कधी हातातसुद्धा घेतलं नव्हतं, त्यात वजनच नाही. हेच दुखणं असलेल्या कुणीतरी ते लिहिलं होतं. बाईने मला खिडकीशी बसवलं आणि मोठ्याने वाचायला लागली.

त्यात लिहिलं होतं की या दुखण्यात मेंदूचा हुकूम पायांपर्यंत पोचत नाही. दारात, अरुंद जागेत, गुळगुळीत एकरंगी जमिनीवर माणूस खिळून राहतो, आणि घरच्यांना वाटतं हट्ट करतोय. जमिनीवर आडवी रेघ असली तर डोळे तिला ओलांडायला सांगतात आणि पाय उचलतो. एकही शब्द मोठा नव्हता. माझं स्वयंपाकघर, माझी चौकट, माझ्यामागे तुंबलेली माणसं, हे सगळं छापलेलं होतं. आणि ज्याने लिहिलं त्याने माझं घर पाहिलेलं नाही. हट्ट नव्हता तो. चार वर्षं मी उगाच स्वतःला बोल लावत होते. बाई वाचत होती आणि मी ऐकत होते. तुला आठवतं का (नसेल), तू शाळेत जायला लागलास तेव्हा तुला हाताला धरून मी सोडायला यायची. तू आत जायचास आणि मी थोडा वेळ दाराशी उभी राहून गुरुजी काय वाचतात ते ऐकायची, मग घरची कामं आठवून पळायची. त्यानंतर माझ्यासमोर कुणी असं मोठ्याने वाचलं ते आत्ताच. आणि या वेळी मी आत बसले होते.

पुढच्या खेपेला मी डॉक्टरांना रेघांबद्दल सांगितलं, तर ते म्हणाले, हो, असं होतं खरं. मी म्हटलं, मग बोलला का नाहीत? ते म्हणाले, तुम्ही दारात अडकता हे तुम्ही कधी सांगितलंच नाही. तेही खरं. हट्ट आहे असं वाटत असताना तो डॉक्टरला कोण सांगतं? बाईला सांगितलं, कारण ती डॉक्टर नव्हती आणि घरचीही नव्हती. आणि एवढं सगळं झाल्यावर मी तिला विचारलं, म्हणजे शेवटी पुस्तकानेच गुण आला ना? तिने कबूल केलं. फक्त मी जाड धरून बसले होते.

तेव्हापासून मी रोज येते. दालनात वीस फेऱ्या मारते, ड्रायव्हर आजोबा मोजतात आणि वळणावर हात दाखवतात. मग कुणी ना कुणी काहीतरी वाचून दाखवतं. वर्तमानपत्रवाल्यांना सवय झाली आहे; पूर्वी ते बातम्या मनात वाचून मनात चिडायचे, आता मोठ्याने वाचून सगळे मिळून चिडतो. गुरांच्या रोगांचं पुस्तक ऐकायला फार चांगलं आहे, नेलं तेव्हा उगाच नावं ठेवली. घरी कुणी विचारलं की आई कुठे आहे, तर सूनबाई सांगते, चालायला गेल्यात. हे वाक्य तिने म्हणावं म्हणून मी परवा मुद्दाम दोनदा विचारायला लावलं.

पण वाचनालयाचं छप्पर गळतं. पुस्तकांची कपाटं भिजायला लागली म्हणून पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून तीन महिने दालन बंद राहणार. ते व्हायलाच हवं, त्याला माझी ना नाही. पण तीन महिने घरातल्या घरात, त्या दुधासारख्या फरशीवर मी किती चालेन हे तूच सांग. (ती फरशी अप्रतिम आहे.) मुलाने खुर्चीचा विषय परत काढलाय. वाचनालय उघडेल त्या दिवशी मला माझ्या पायांनी आत यायचंय, एवढंच मागणं आहे. तीन महिने बसून राहिले तर पाय चालणं विसरतील. विसरण्यात ते तुझ्यावर गेलेत.

असो. तुला पत्र लिहायला खास असं कारण नव्हतं, सहज आठवण आली. तब्येतीला जप, ताट सरळ नसलं तरी जेवून घेत जा.

तुझी थोरली बहीण
(खाली अंगठा आहे. तीन दिसले तरी एकच समज.)

ता. क. एक तारखेच्या आत हत्यारं घेऊन ये. बिछान्यापासून स्वयंपाकघरापर्यंत, तिथून न्हाणीघरापर्यंत आणि बाहेरच्या दारापर्यंत तुझ्या फरशीत आडव्या काळ्या पट्ट्या बसवायच्या आहेत. बाईने वाचनालयातलं अंतर मोजून सोबतच्या कागदावर लिहून दिलंय. मी काय मागतेय ते मला कळतं. लेकीच्या लग्नाच्या फोटोवर तुलाच मिशा काढायला सांगण्यासारखं आहे हे. म्हणून तर सगळं पत्र संपेपर्यंत धीर झाला नाही.

दुसरी ता. क. गुडघ्यांवर बसू नकोस. इथे चांगला कारागीर बघून ठेवलाय, त्याला फक्त ओरडणारं माणूस हवं. मुलाने ती चाकांची खुर्ची चार दिवस वापरून बघायला म्हणून आणून ठेवली आहे. तिच्यात तू बस आणि घरभर फिरून काम बघ. ती कुणाच्या तरी उपयोगी पडली म्हणजे मुलालाही बरं वाटेल.

तिसरी ता. क. तू आला नाहीस तरी माझं अडत नाही, काळजी करू नकोस. काल सूनबाईने घाईघाईने काळी चिकटपट्टी लावून पाहिली आणि मी स्वयंपाकघरात गेले, दार ओलांडून. ती रडली, मग आम्ही दोघींनी चहा केला. पट्ट्या तेवढ्या तिरप्या लागल्यात. एक लांब, एक आखूड, आणि दाराजवळच्या तीन तर अशा कलल्यात की दोनदा मी स्वयंपाकघराला निघून न्हाणीघरात पोचले. आलेगेलेले विचारतात, ही फरशी कुणी बसवली? मी तुझं नाव सांगते. (आता आठवलंय.)

शेवटची ता. क. येताना भाजलेले शेंगदाणे आण, येणं विसरलास तर टपालाने पाठव. जरा जास्तच असू देत, तीन महिने बाई दर बुधवारी पुस्तक घेऊन आमच्या घरी वाचायला येणार आहे आणि तिलाही ते आवडतात (हे लिहायला ती तयार नव्हती). सालं काढू नकोस. दाणा या दोन बोटांत धरला की साल आपोआप निघतं, माझ्या हाताला तेवढंच काम. आणि पुडकं चिकटवण्याआधी आत शेंगदाणे घातलेत ना, ते एकदा बघ.